सुश्रुताचा मूषिककल्प व ग्रंथिक सन्निपात : एका रूढ मताचें परीक्षण

(१)

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील सातव्या अध्यायास मूषिककल्प असें नांव आहे. इ. स. १८९६ मध्यें मुंबईस ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ उद्भवली. हा अध्याय म्हणजे त्याच रोगाचें वर्णन होय, असें मत आपल्याकडे व्याख्यानांतून व वैद्यकविषयक लेखांतून वारंवार ऐकूं येतें. मताचा आधार वरवर पाहतां बळकट दिसतो. अध्यायांत उंदीर आहे, ज्वर आहे आणि गांठहि आहे. मग प्लेग तो याहून निराळा काय असावयाचा? प्रस्तुत लेखकानें शाळेंत पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें, आणि हेंच मत विद्यार्थ्यांस मोठ्या अभिमानानें सांगितलें. निवृत्तीनंतर मूळ अध्याय डल्हणाच्या निबंधसंग्रह टीकेसह सावकाश वाचला, तेव्हां तें मत टिकत नाहीं अशी खात्री झाली. तें कां टिकत नाहीं, आणि तें सोडल्यानें आपला तोटा न होतां लाभच कसा होतो, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

(२)

अध्यायाचे दोन भाग पडतात. पूर्वार्धांत उंदरांच्या अठरा जाती नांवनिशीवार सांगून त्यांच्या विषाचीं लक्षणें व उपचार दिले आहेत. उंदराचें शुक्र अंगावर पडल्यानें, किंवा शुक्रानें माखलेल्या नख-दंतादिकांचा स्पर्श झाल्यानें त्या ठिकाणचें रक्त दूषित होतें, असा सिद्धांत आहे. पुढें ग्रंथि, शोफ, मंडलें, सांधेदुखी, मूर्च्छा, ज्वर, अरुचि इत्यादि लक्षणांची मालिका येते. ग्रंथि हा शब्द या मालिकेंतला एक आहे, एकटा नव्हे. रूढ मताचे पुरस्कर्ते नेमका तेवढाच शब्द उचलतात आणि शेजारचे दहा शब्द जागींच ठेवतात. पाठ वाचण्याची ही रीत नव्हे.

दुसरी गोष्ट. हें विष पूर्णपणें काढून टाकलें नाहीं, तर आभाळ आलें असतां पुन्हां उसळतें, असें सुश्रुत सांगतो. प्लेगची प्रकृति अशी नाहीं. औषध न मिळाल्यास तो कांहीं दिवसांतच रोग्याचा निकाल लावतो. उलट उंदीर चावल्यानें होणारा एक स्वतंत्र ज्वर आहे. त्याचा सूक्ष्म जंतु जपानी संशोधकांनीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दाखविला. त्यांत जखम भरून येते, मग एक ते तीन आठवड्यांनीं ती जागा पुन्हां सुजते, जवळच्या गांठी फुगतात, अंगावर चट्टे उठतात आणि ताप येऊन जाऊन राहतो. सुश्रुताचें वर्णन प्लेगपेक्षां या मूषकदंशज्वराशीं कितीतरी अधिक जुळतें. अठरा नांवांची आजच्या प्राणिशास्त्राशीं जुळणी करण्याचा खटाटोप मात्र करूं नये. कारण त्या यादींत चुचुंदरहि आहे, आणि आपली चिचुंदरी ही उंदरांच्या वर्गांतलीच नव्हे.

परंतु निर्णायक मुद्दा निराळाच आहे. पूर्वार्धांतील उंदीर निरोगी आहे. तो विष बाळगतो, पण स्वतः आजारी पडत नाहीं आणि मरतहि नाहीं. प्लेगांत आधीं उंदीर मरतो, मग माणूस. घरांत मेलेला उंदीर हें त्या रोगाचें आद्य लक्षण. तेंच या अध्यायांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, प्राण्याचा आजार पाहून तो माणसाच्या आजाराशीं जोडण्याची दृष्टीच त्या काळीं नसावी. त्याचें उत्तर याच अध्यायाच्या उत्तरार्धांत आहे. तेथें अलर्कविष, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचें विष, वर्णिलें आहे. कुत्रा, कोल्हा, तरस, वाघ इत्यादिकांची संज्ञा नष्ट होते; शेपूट, हनुवटी आणि खांदे गळतात, लाळ गळते, तो प्राणी आंधळा-बहिरा होऊन धांवत सुटतो. पुढें दष्ट मनुष्य त्याच प्राण्याच्या चेष्टा व आवाज करूं लागतो आणि मरतो. पाण्याची भीति उत्पन्न झाली कीं तें अरिष्टलक्षण समजावें. प्राणी आधीं आजारी, त्याच्यापासून मनुष्य आजारी, आणि दोघांचीं लक्षणें एकमेकांशीं ताडून पाहिलेलीं. पशुरोग व मनुष्यरोग यांचा संबंध याहून स्वच्छ कोणत्या प्राचीन ग्रंथांत सांपडेल? वाग्भटानेंहि अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत मूषिक आणि अलर्क हीं दोन्ही विषें एकाच अध्यायांत गोंविलीं आहेत. ज्या आचार्यास आजारी कुत्रा असा दिसला, त्यास आजारी उंदीर दिसता तर त्यानें तो लिहिला असता. त्यानें लिहिला नाहीं, याचा सरळ अर्थ असा कीं त्याच्यासमोर प्लेग नव्हता.

(३)

मग प्लेगसदृश वर्णन आपल्या ग्रंथांत कोठेंच नाहीं काय? तुकडे आहेत, पण ते निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेले आहेत. सुश्रुताच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांमध्यें अग्निरोहिणी आहे. कांखेच्या प्रदेशांत मांस विदारणारे स्फोट, अंतर्दाह, ज्वर, आणि सात दिवसांपासून पंधरवड्याच्या आंत मृत्यु असें तिचें वर्णन आहे. येथें गांठ आहे, पण उंदीर नाहीं. चरकाच्या विमानस्थानांतील तिसऱ्या अध्यायांत जनपदोद्ध्वंस, म्हणजे सबंध मुलूख ओस पाडणारा रोग, सांगितला असून वायु, उदक, देश व काल हीं त्याचीं चार कारणें मानलीं आहेत. बिघडलेलें पाणी तें, जें सोडून जलचर पक्षी निघून गेले; बिघडलेला देश तो, जेथें कुत्रीं ओरडतात आणि पशुपक्ष्यांचे थवे भांबावून व्याकूळ होतात. येथें साथ आहे आणि प्राण्यांची व्याकुळताहि आहे. मात्र ती दूषित देशाची खूण म्हणून आहे, रोगाची वाहक म्हणून नाहीं. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत अशा मरकप्रसंगीं स्थानपरित्याग करावा असें सांगितलें आहे. प्लेगच्या दिवसांत आपले लोक गांव सोडून माळावर झोंपड्या घालून राहत, त्याच्याशीं तें मिळतें; परंतु गांव केव्हां सोडावा, हें सांगणारा मेलेला उंदीर तेथेंहि नाहीं.

राहतां राहिले पशुवैद्यकाचे स्वतंत्र ग्रंथ. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापला. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हे ग्रंथ बिब्लिओथेका इंडिका मालेंत निघाले. हें वैद्यक राजाच्या गजशाळेसाठीं व अश्वशाळेसाठीं. ज्वर हत्तीस झाला म्हणजे पाकल आणि घोड्यास झाला म्हणजे अभिताप म्हणवतो, असें आपली परंपरा सांगते. म्हणजे सर्व प्राण्यांत वावरणारा ज्वर एकच, ही कल्पना तींत आहे. ती थोर आहे खरी. पण एकच रोग दोघांस होणें निराळें, आणि एकापासून तो दुसऱ्यास जाणें निराळें. शिवाय उंदरासाठीं कोणत्याहि राजानें वैद्य ठेविला नव्हता.

(४)

हे तुकडे प्रथम एकत्र आलेले दिसतात ते शास्त्रग्रंथांत नव्हे, तर एका रोजनिशीवजा आत्मवृत्तांत. जहांगीर बादशहानें आग्र्याच्या १६१८-१९ च्या सुमारच्या साथीविषयीं आसफखानाच्या कन्येकडून ऐकलेली हकीकत लिहून ठेविली आहे. अंगणांत एक उंदीर दारू प्याल्यासारखा झोंकांड्या खात आला. दासीनें तो शेपटीस धरून मांजरापुढें टाकला. मांजरानें धरून सोडून दिला आणि तें आजारी पडलें. मग त्या दासीस गांठ येऊन ती मेली, आणि पाठोपाठ घरांतील सात-आठ माणसें दगावलीं. ही हकीकत सांगणारी बाई वैद्य नव्हती. तिनें सिद्धांत कांहींच सांगितला नाहीं. जें पाहिलें तें ज्या क्रमानें घडलें त्या क्रमानें सांगितलें, इतकेंच. पण क्रम हाच येथें पुरावा आहे.

त्या क्रमाचा उलगडा होण्यास पुढें पावणेतीनशें वर्षें लागलीं. ज्या १८९४ सालीं हस्त्यायुर्वेद छापून निघाला, त्याच सालीं हाँगकाँग येथें येर्सीन यानें प्लेगचा जंतु ओळखला. १८९८ मध्यें सीमाँ यानें कराचीस प्रयोग करून उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक, असें प्रतिपादिलें. त्यावर बहुतेकांनीं विश्वास ठेविला नाहीं. पुढें १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळानें मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत, आज हाफकिन संस्था ज्या वास्तूंत आहे तेथें, गिनीपिग व उंदीर यांवर प्रयोग करून तें सिद्ध केलें. १९१४ सालीं बॅकट व मार्टिन यांनीं पिसूच्या पोटांत जंतूंची गुठळी होऊन वाट बंद होते आणि उपाशी पिसू पुनःपुन्हां चावतांना जंतु उलट सोडते, हें दाखविलें. उंदीर मेला, त्याचें अंग थंड पडलें, कीं पिसू दुसरा आश्रय शोधते. जवळ उंदीर न मिळाला तर माणूस. म्हणून उंदरांची मर आधीं आणि माणसांची नंतर. म्हणूनच साथींत पिसवांचा नाश करण्यापूर्वीं उंदीर मारणें धोक्याचें, आणि मेलेल्या उंदरास हातानें शिवणें त्याहून धोक्याचें.

(५)

हा सर्व विचार आमच्या बीड जिल्ह्यास केवळ ग्रंथांपुरता राहिलेला नाहीं. १९६६ नंतर भारतांत माणसांत प्लेग आढळला नव्हता. तो संपला, अशी समजूत झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला. त्याचे हादरे सर्व मराठवाड्यांत बसले, लोक घरें सोडून बाहेर राहूं लागले. घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, असें कारण पुढें देण्यांत आलें. १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं उंदीर मरूं लागले व पिसवांचा उपद्रव सुरू झाला, आणि महिन्याच्या अखेरीस गांठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसांच्या प्लेगचा हाहाकार उडाला, तेव्हां जगाचें लक्ष इकडे वळलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबीं त्या वर्षीं देशांत ८७६ संभाव्य रोगी व ५४ मृत्यु झाले. निदान खरें कीं खोटें याविषयीं पुष्कळ वाद झाला. परंतु १९९६ सालीं सुरत व बीड या दोन्ही ठिकाणच्या जंतूंचें रेणुपरीक्षण प्रसिद्ध होऊन ते प्लेगचेच ठरले.

येथें स्वतःचा एक दोष सांगणें प्राप्त आहे. त्या पावसाळ्यांत प्रस्तुत लेखक याच जिल्ह्यांत शिकवीत होता. एके दिवशीं तासाला एका विद्यार्थ्यानें उठून, आमच्या आजोळीं उंदीर बिळांतून बाहेर येऊन मरतात, असें सांगितलें. पाठ सुभाषितांचा चालला होता. विषयांतर करूं नको, असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. पुढच्याच आठवड्यांत मूषिककल्पाची थोरवी त्याच वर्गास ऐकविल्याचें मला स्पष्ट स्मरतें. त्या मुलाचें आजोळ कोणतें, हें मीं विचारलें नाहीं. ते उंदीर कशानें मेले, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. परंतु आग्र्याच्या त्या बाईनें जें सांगितलें तेंच तो मुलगा सांगत होता; आणि आपल्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें या समाधानांत मी तें ऐकलें नाहीं.

(६)

रूढ मताचा खरा तोटा तो हाच. जें ग्रंथांत नाहीं तें आहे असें मानलें, कीं तें पाहण्याची गरज उरत नाहीं. सुश्रुताचा मोठेपणा अलर्कविषाच्या श्लोकांत आहे; प्लेगचें श्रेय उगीच त्याच्या माथीं मारल्यानें तो वाढत नाहीं.

या त्रैमासिकाचे वाचक पोथ्या व कागद जमविणारे असल्यामुळें एक विनंति करावीशी वाटते. जुन्या दप्तरांतील पत्रांच्या शेवटीं, वैद्यकीच्या बाडांच्या समासांत, जमाखर्चाच्या वह्यांत घोडीं मेलीं, गुरांना रोग आला, कोंबडीं पडलीं, उंदीर फार झाले अशीं वाक्यें असूं शकतात. नकल करतांना राजकारणाचा मजकूर उतरून घ्यावा आणि असा मजकूर किरकोळ म्हणून गाळावा, अशी आपली खोड आहे. मींहि तसें केलेलें आहे. तो मजकूर यापुढें तिथि, गांव व शब्द जसेच्या तसे ठेवून उतरावा, आणि त्यास रोगाचें आधुनिक नांव देण्याची घाई करूं नये. तें काम पशुवैद्यांचें व जंतुशास्त्रज्ञांचें आहे. आपलें काम क्रम न मोडणें, हें आहे.

हें सांगणें अवास्तव नाहीं. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें शेंकडों कोंबड्या मेल्या, आणि त्याच सुमारास आमच्या बीड जिल्ह्यांत मेलेले कावळे सांपडले. ते फेंकून न देतां त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेंत धाडण्यांत आले, आणि तो पक्ष्यांचा संसर्गजन्य ज्वर ठरला. कोणीतरी मेलेला कावळा पाहिला, तो कळविला, आणि ज्यास कळविला त्यानें विषयांतर म्हटलें नाहीं.