‘मोअर’ म्हणजे जास्त की आणखी?

विज्ञान आणि गणित कोणत्या भाषेतून शिकवावे या वादात परिभाषेचा प्रश्न हटकून निघतो. ‘ऑस्मॉसिस’ला ‘परासरण’ म्हणणे मुलांना जड जाते का, ‘मास’साठी ‘वस्तुमान’ हा शब्द रुळला आहे का, अशा प्रश्नांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्यानंतर निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोशही निघाले. या कामाचे मोल कमी नाही. ‘डिग्री’ हा एकच शब्द पाहा. कोन किंवा तापमान मोजताना तो ‘अंश’ होतो, बहुपदीच्या बाबतीत ‘कोटी’ होतो आणि विद्यापीठात ‘पदवी’ होतो. इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेले अर्थ मराठीत वेगवेगळे झाले आणि विद्यार्थ्याचा घोटाळा टळला.

पण परिभाषा कोश उघडून ‘मोअर’, ‘सम’, ‘एनी’, ‘फ्यू’, ‘क्वाइट’ हे शब्द शोधायला कोणी जात नाही. ते रोजच्या वापरातले शब्द. त्यांचा अर्थ काय पाहायचा? ‘मोअर’ म्हणजे जास्त, ‘सम’ म्हणजे काही, ‘क्वाइट’ म्हणजे बराच, असे फळ्यावर लिहिले की काम झाले असे आपण समजतो. माझ्या मते नेमके इथेच चुकते. परिमाण आणि प्रमाण सांगणारे हे लहान शब्द तांत्रिक शब्दांपेक्षा अधिक निसरडे आहेत, आणि एका शब्दाला एक प्रतिशब्द देण्याची पद्धत त्यांच्या बाबतीत साफ अपुरी पडते. मराठी माध्यमाच्या ज्या वर्गांत सेमी-इंग्रजी पद्धतीने गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते, तिथे तर या शब्दांकडे फारच काळजीपूर्वक पाहायला हवे.

एका शब्दात दोन क्रिया

‘मोअर’पासून सुरुवात करू. मराठीत आपण दोन वेगळे शब्द वापरतो. ‘तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त बोरे आहेत’ ही तुलना झाली. ‘मला आणखी बोरे दे’ ही भर झाली. या दोन्ही जागी इंग्रजीत ‘मोअर’च येतो. आता हे उदाहरण पाहा: ‘रवीकडे ५ गोट्या आहेत. सीताकडे ३ मोअर आहेत. दोघांच्या मिळून किती?’ पुस्तकाला तुलना अभिप्रेत असते. म्हणजे सीताकडे रवीपेक्षा ३ जास्त, म्हणून ८, आणि दोघांच्या मिळून १३. पण एखाद्या मुलाने ‘मोअर’ म्हणजे ‘आणखी’ असे वाचले, तर त्याच्या डोळ्यांपुढे रवीच्या ५ आणि सीताच्या आणखी ३ अशा एकूण ८ गोट्या येतात. त्याची बेरीज बरोबर आहे आणि विचारही बरोबर आहे. वाक्यच दोन तोंडांचे आहे. अशा उत्तरावर लाल फुली मारून ‘गणित कच्चे’ असा शेरा देणे हा अन्यायच होय.

‘लेस’ची गंमत याहून निराळी आहे. १९६८ साली मार्गारेट डोनाल्डसन आणि जॉर्ज बाल्फर यांनी साडेतीन-चार वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पुठ्ठ्याची दोन झाडे आणि त्यांवर अडकवायची सफरचंदे, एवढेच साहित्य. ‘कोणत्या झाडावर मोअर सफरचंदे आहेत?’ या प्रश्नाला मुले बरोबर उत्तर देत. पण ‘कोणत्या झाडावर लेस?’ असे विचारले तरी बहुतेक मुले जास्त सफरचंदांचेच झाड दाखवत. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की या वयात ‘लेस’चा अर्थही मुले ‘मोअर’ असाच धरतात.

हा निष्कर्ष घाईचा होता. सुझन केरी यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात मुलांना ‘लेस’च्या जोडीला ‘टिव’ हा निरर्थक शब्दही दिला. पेल्यात काही पेय ठेवून ‘आता टिव राहील असे कर’ असे सांगितले. ‘टिव’ला काही अर्थच नाही, तरीही पुष्कळ मुलांनी पेल्यात भर घातली. म्हणजे ‘लेस’ ऐकून भर घालणाऱ्या मुलाने चुकीचा अर्थ शिकलेला असतो असे नव्हे. त्याला अर्थ पुरता ठाऊक नसतो, आणि अशा वेळी भर घालणे ही त्याला स्वाभाविक वाटणारी कृती असते. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. चुकीचा अर्थ खोडून काढावा लागतो. रिकामी जागा भरावी लागते. आपल्या पाचवी-सहावीच्या वर्गातली मुले वयाने मोठी असतात हे खरे. पण परक्या भाषेतला शब्द अर्धवट कळला की वाक्याचा उरलेला अर्थ सवयीने भरून काढायचा, ही युक्ती मोठेपणीही सुटत नाही.

‘च’ची करामत

आता ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांची जोडी घेऊ. समजा, एका जंतुनाशकाची चाचणी झाली. आधी एक लाख जंतू होते, नंतर चाळीस उरले. एक अहवाल म्हणतो, ‘फ्यू जंतू उरले’. दुसरा म्हणतो, ‘अ फ्यू जंतू उरले’. संख्या तीच. पण पहिल्या वाक्याचा रोख औषध गुणकारी आहे असे सांगण्याकडे आहे, तर दुसऱ्याचा काम अपुरे राहिले असे बजावण्याकडे. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही तसेच.

इंग्रजीच्या तासाला हा फरक नियम म्हणून पाठ करून घेतला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. मराठीत तो एका अक्षरात दाखवता येतो. ‘थोडेच जंतू उरले’ आणि ‘थोडे जंतू उरलेच’. ‘च’ने जागा बदलली की रोख बदलतो. मुलांना ही दोन वाक्ये म्हणून दाखवा; नियमाची गरज उरत नाही. शिवाय विज्ञानाच्या शिक्षकाला यातून आणखी एक धडा देता येतो. हे शब्द केवळ संख्या सांगत नाहीत, सांगणाऱ्याचा अभिप्रायही सांगतात. प्रयोगवहीत ‘फ्यू’ लिहायचे की ‘अ फ्यू’, हा प्रश्न पडला तर चाळीस लिहावे.

‘सम’ आणि ‘एनी’

तर्कशास्त्रात ‘सम’ म्हणजे ‘निदान एक’. सगळेच असले तरी चालते. व्यवहारात मात्र ‘काही मुले पास झाली’ असे ऐकले की आपण ‘सगळी नाही’ असे गृहीत धरतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६५ साली यावर नेमके बोट ठेवले होते. ‘सगळी नाहीत’ हे शब्दात नसते. बोलणाऱ्याला सगळी माहीत असती तर त्याने तसे म्हटले असते, या अपेक्षेतून ते आपण काढतो. पुढे पॉल ग्राइस यांनी संभाषणातल्या अशा अपेक्षांची पद्धतशीर मांडणी केली. त्यांचा यावरचा निबंध १९७५ साली छापला गेला. म्हणूनच ‘सम समभुज त्रिकोण समद्विभुज असतात’ हे विधान खरे की खोटे असे विचारले, तर खोटे म्हणणारा विद्यार्थी भूमितीत चुकलेला असेलच असे नाही. सगळेच समभुज त्रिकोण समद्विभुज असतात हे त्याला ठाऊक असेल, आणि म्हणूनच ‘सम’ त्याला खटकला असेल. संख्येच्या मागे लागला की हाच ‘सम’ तिसराच अर्थ घेतो. ‘सम ट्वेंटी’ म्हणजे ‘काही वीस’ नव्हे, ‘वीसेक’.

‘एनी’ तर गणितात धोक्याचाच. ‘एनी त्रिकोण घ्या’ म्हणजे कोणताही घ्या, विधान सर्वांना लागू आहे. ‘अशी एनी संख्या आहे का?’ म्हणजे एखादी तरी आहे का. सर्व आणि एखादी, ही गणितातली दोन टोके एकाच शब्दात. गणिती पॉल हाल्मोस यांनी १९७० साली गणितलेखनावर लिहिलेल्या निबंधात हा शब्द गणितात वापरूच नये असा सल्ला दिला आहे. मराठीत ‘कोणतीही’ आणि ‘एखादी’ हे शब्द आयतेच वेगळे असल्याने हा सल्ला पाळायला आपल्याला श्रमही पडत नाहीत.

‘क्वाइट’चे वागणे आणखी चमत्कारिक आहे. ‘चंबू क्वाइट एम्प्टी आहे’ म्हणजे अगदी रिकामा. ‘पाणी क्वाइट वॉर्म आहे’ म्हणजे बऱ्यापैकी ऊन, फार नाही. ज्या गुणाला शेवटचे टोक असते (रिकामा, भरलेला, खात्रीचा) तिथे हा शब्द टोकापर्यंत नेतो. ज्याला टोक नसते तिथे मध्येच थांबतो. त्यातही अमेरिकी बोलण्यात ‘क्वाइट गुड’ हे ‘फार चांगले’च्या जवळ जाते, तर ब्रिटिश बोलण्यात ते पुष्कळदा ‘ठीक’च्या आसपास राहते.

या उदाहरणांवरून मराठी अचूक आणि इंग्रजी ढिसाळ असे म्हणायचे नाही. ‘हाउ मेनी’ आणि ‘हाउ मच’ यांतून इंग्रजी मोजण्याच्या वस्तू आणि मापण्याचे पदार्थ वेगळे ठेवते. आपला ‘किती’ दोन्हीकडे चालतो. ‘तिप्पट’ स्पष्ट आहे, पण ‘तीन पटींनी जास्त’ म्हणजे तिप्पट की चौपट, हा घोळ इंग्रजीइतकाच मराठीतही आहे. मुद्दा एवढाच की दोन भाषांनी निरनिराळ्या ठिकाणी रेघा ओढल्या आहेत. म्हणून एका भाषेतली संदिग्धता दुसरीच्या मदतीने उघडी पडते.

शब्दांना आकडे बांधले तर?

मग या शब्दांना कायमचे आकडे का बांधू नयेत? हा प्रयत्न मोठमोठ्या संस्थांनी केलेला आहे, आणि त्याचे फळ तपासण्यासारखे आहे.

१९५१ साली अमेरिकी गुप्तवार्ता विभागाने युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सिरिअस पॉसिबिलिटी’ असल्याचा अहवाल दिला. विभागातले शेर्मन केंट यांच्या मनात हे प्रमाण ६५ विरुद्ध ३५ असे होते. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, तर कोणी २० विरुद्ध ८० म्हणाले, कोणी ८० विरुद्ध २०. सर्वांनी संमत केलेले वाक्य मात्र एकच. केंट यांनी १९६४ साली यावर निबंध लिहून अशा शब्दांना आकड्यांच्या मर्यादा सुचवल्या.

हवामानबदलाच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, आपल्या अहवालांसाठी अशीच कोष्टके केली. त्यांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक शक्यता आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक. युरोपात औषधासोबतच्या माहितीपत्रकांसाठी ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे शंभरात एक ते दहांत एक, आणि ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक, असे ठरवले गेले.

कोष्टके चोख आहेत. वाचक मात्र ती सोबत घेऊन वाचत नाही. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की आयपीसीसीची वाक्ये वाचणारे लोक ‘व्हेरी लाइकली’चा अर्थ ९० टक्क्यांपेक्षा बराच खाली लावतात. औषधांच्या बाबतीत उलटे घडते. ब्रिटनमधल्या अभ्यासांत ‘कॉमन’ हा शब्द वाचून लोकांनी दुष्परिणामाची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक धरली. एकीकडे खरा इशारा सौम्य होतो, दुसरीकडे उपयोगी औषधाची नको तेवढी धास्ती बसते. रोजच्या शब्दाला हुकमाने नवा अर्थ देता येत नाही, कारण जुना अर्थ वाचकाच्या घरचा असतो. बुडेस्कूंच्या अभ्यासात एक उपाय मात्र लागू पडला: आकडा दूरच्या कोष्टकात न ठेवता त्याच वाक्यात, शब्दाला लागून द्यायचा. तसे केल्यावर वाचकांचे अर्थ अपेक्षित मर्यादेच्या जवळ आले.

वर्गात याचा अर्थ असा की फळ्यावरची ‘मोअर = जास्त’ ही यादी पुरेशी नाही. सुटा शब्द न देता वाक्य द्यावे आणि ‘हे मराठीत कसे म्हणशील?’ असे विचारावे. मुलाने ‘जास्त’ म्हटले की ‘आणखी’, ‘थोडे’ म्हटले की ‘थोडेच’, यावरून त्याला काय कळले ते ताबडतोब समजते. प्रयोगाच्या नोंदीत ‘सम’, ‘क्वाइट’, ‘फ्यू’ आले तर त्यापुढे आकडा मागावा. आणि प्रश्नपत्रिका काढताना प्रत्येक इंग्रजी प्रश्न एकदा मनात मराठीत म्हणून पाहावा. त्याचे दोन अर्थ निघत असतील तर तो प्रश्न बदलावा. तेवढा वेळ नसेल, तर तपासताना दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत.