मुक्त ज्ञानकोशाचे नियम आणि पोथीसंग्राहक नवागत

मराठी विकिपीडिया नांवाचा जो मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ पासून आंतरजालावर चालू आहे, त्याच्या संपादननियमांचें परीक्षण या त्रैमासिकांत कां यावें, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, बीड जिल्ह्यांतील मुकुंदराज, दासोपंत, परळी, धारूर यांविषयीं शाळेंतला विद्यार्थी किंवा परगांवचा जिज्ञासु आज प्रथम जें वाचतो, तें बहुधा तेथेंच वाचतो. उलटपक्षीं ज्यांच्या कपाटांत या विषयांचीं अस्सल साधनें आहेत ते संग्राहक तेथें फिरकत नाहींत. आणि फिरकलेच तर लिहिलेलें काढून टाकलेलें पाहून रुसून परततात. यांत दोष नियमांचा किती, नियम शिकविण्याच्या रीतीचा किती, आणि आम्हां संशोधकमंडळींच्या संवयीचा किती, याची वांटणी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकांत निघाले. चित्रावशास्त्र्यांचे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ व १९४६ या सालीं प्रसिद्ध झाले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं वाईहून बाहेर पडला. या सर्वांस एक संपादक होता. काय घ्यावें व काय टाकावें हें तो आपल्या विद्वत्तेच्या बळावर ठरवी, आणि चुकीचा दोष आपल्या शिरावर घेई. मुक्त ज्ञानकोशांत असा संपादक नाहीं. लिहिणारे सारेच संपादक, म्हणून संपादकाच्या रिकाम्या आसनावर नियम बसविले आहेत. ही एक गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे पुढचें पुष्कळसें कोडें सुटतें.

प्रशंसेची बाजू प्रथम सांगूं. नवख्यानें सरावासाठीं जेथें लिहावें त्या पानास या कोशानें ‘धूळपाटी’ म्हटलें आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेंत पाटीवर धूळ पसरून मुलें अक्षरें गिरवीत. चुकलें तर हात फिरविला कीं झालें. विचारविनिमयाच्या सार्वजनिक पानास ‘चावडी’ हें नांव आहे. इंग्रजी कोशांत याच जागेस गांवच्या पाणवठ्यावरून नांव दिलेलें आहे. पण आमच्याकडे गप्पा आणि निवाडा दोन्ही चावडीवरच होत, तेव्हां मराठी नांव अधिक चपखल म्हणावें लागेल.

याहून मोलाची सोय म्हणजे पानाचा ‘इतिहास’. कोणीं, केव्हां, कोणता शब्द पालटला, हें तेथें मिनिटापर्यंत नोंदलेलें असतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तींत पाठभेद जमविण्यासाठीं केवढे श्रम पडले हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. येथें पाठभेद यंत्रच जपून ठेवतें. सबंध पानच वगळलें तर गोष्ट निराळी; एरवीं काढलेला मजकूर नष्ट होत नाहीं, मागील आवृत्तींत तो जसाच्या तसा राहतो. एवढें जरी नवागतास पहिल्या दिवशीं कोणीं सांगितलें, तरी त्याचा निम्मा राग उतरेल. पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्पिकेंत आपलें नांव घालतो. येथें लेखाखालीं नांव घालावयाचें नाहीं, परंतु चर्चापानावर मात्र सही केलीच पाहिजे. या एका उलट्या चालीवरच पुष्कळ नवागत प्रथम ठेंचाळतात.

आतां मुख्य नियम पाहूं. ते तीन आहेत. लेखन निःपक्षपाती असावें. प्रत्येक विधान प्रसिद्ध व विश्वसनीय ग्रंथावरून पडताळतां यावें. आणि लेखकानें स्वतःचें मूळ संशोधन तेथें मांडूं नये. पहिले दोन कोणीही मान्य करील. तिसरा मात्र संशोधकाच्या वर्मीं लागतो. कारण ज्या गोष्टीसाठीं आमच्या त्रैमासिकांत लेखास मान मिळतो, नेमक्या त्याच गोष्टीसाठीं तेथें तो वगळला जातो.

उदाहरणार्थ, अंबेजोगाईचा एक पोथीसंग्राहक कल्पावा. विवेकसिंधूचा काल शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा परंपरेनें सांगतात. ज्ञानेश्वरीचा शक १२१२. तेव्हां मुकुंदराजांचें आद्यत्व या शकावरच टेकलेलें आहे. काल व स्थल देणारा ग्रंथान्तींचा मजकूर किती विश्वसनीय, याविषयीं विद्वानांत वाद आहे. स्थलाचाही वाद आहेच. अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखवितात, तर दुसरा पक्ष वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याकडे बोट दाखवितो. आमच्या या गृहस्थाच्या घरीं एक जुनी प्रत आहे व तींत शकाची ओवी नाहीं असें समजूं. तो मोठ्या उत्साहानें मुकुंदराजांच्या पानावर लिहितो कीं, शके १११० हा काल चुकीचा ठरतो. घटकाभरांत तें वाक्य नाहींसें होतें, व मागें ‘मूळ संशोधन, संदर्भ नाहीं’ असे चार शब्द उरतात. गृहस्थ म्हणतो, पोथी माझ्या हातांत आहे, याहून मोठा संदर्भ कोणता?

आमच्या मतें येथें नियम बरोबर आहे. पोथी त्याच्या हातांत आहे, वाचकाच्या हातांत नाहीं. नागपुरचा वाचक ती ओवी नसल्याची खात्री कशी करणार? शिवाय एका प्रतींत ओवी नाहीं एवढ्यावरून काल खोटा ठरत नाहीं. ती प्रत कोणत्या शाखेची, केव्हांची, शेवटचीं पत्रें शाबूत आहेत कीं गहाळ, हें सारें पाहावें लागतें. तो विचार करण्यास संपादक लागतो, आणि संपादक तर तेथें नाहीं. म्हणून अगोदर त्या प्रतीचें वर्णन, पत्रसंख्या, आकार, लेखनशक, लेखनिक व पुष्पिका यांसह एखाद्या संशोधनपत्रिकेंत छापावें. नंतर ज्ञानकोशांत ‘अमुक प्रतींत ही ओवी आढळत नाहीं’ एवढेंच वाक्य, छापील पृष्ठाचा निर्देश करून, घालावें. आणि पोथी स्वतःची असल्यास तेंही प्रथम चर्चापानावर सुचवावें. असें वाक्य सहसा टिकतें.

निःपक्षपाताचा नियमही आमच्या जिल्ह्याची परीक्षा घेतो. बारा ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथाच्या स्थलाविषयीं संस्कृत ग्रंथांत पाठभेद आहे. कोठें परळीचें नांव येतें, कोठें चिताभूमीचें. आणि दुसऱ्या पाठाच्या आधारें झारखंडांतील देवघरचे लोक आपला हक्क सांगतात. परळीच्या भाविकास ही तुलना रुचणार नाहीं. परंतु दोन्ही पाठ देऊन कोणाचा कोणता पक्ष हें सांगणें यांत श्रद्धेचा अवमान नाहीं. कोणताही संहितासंपादक हेंच करतो.

येथवर नियमांची बाजू झाली. आतां दोष. पहिला दोष भाषेचा. पुष्कळशीं नियमपानें इंग्रजीवरून उतरविलेलीं असल्यामुळें वाक्यें लांब, परिभाषा अपरिचित, आणि दृष्टान्त परक्या देशांतले आहेत. मुकुंदराजांच्या शकाचें किंवा परळीच्या पाठभेदाचें एक उदाहरण दिलें असतें तर दहा पानांचें काम झालें असतें.

दुसरा दोष शिक्षणाचा. नियम मोडला हें यंत्र व जुने संपादक तत्परतेनें सांगतात, कसा पाळावा हें सांगण्यास मात्र कोणास सवड नसते. ही केवळ मराठीची व्यथा नव्हे. इंग्रजी विकिपीडियावरील क्रियाशील संपादकांची संख्या २००७ सालीं शिखरास पोंचून नंतर घटत गेली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, सद्धेतूनें आलेल्या नवागतांचें लेखन यांत्रिक साधनांनीं सरसकट परतविणें व नियमांचा ताठरपणा हीं त्या घसरणीचीं मोठीं कारणें होत. नवागतास दुखवूं नये असाही नियम त्याच कोशांत आहे. पण इतर नियम ज्या वेगानें लागू होतात त्या वेगानें तो होत नाहीं. शिक्षक वहींत नुसती फुली मारून वही परत करूं लागला तर वर्ग रिकामा होतो.

तिसरा दोष अधिक खोल आहे. छापील ग्रंथ हेंच प्रमाण मानल्यानें, जेथें छापखाने व विद्यापीठें आधीं आलीं त्या प्रदेशांचें पारडें जड होतें. बीड १९४८ पर्यंत निजामी राज्यांत. दफ्तर बव्हंशीं फार्सी, उर्दू व मोडींत. अंबेजोगाईचेंच नांव कागदोपत्रीं मोमिनाबाद. दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी अंबेजोगाईंत लोक डोळ्यांनीं पाहतात. तथापि तिचें माप कोणीं आज स्वतः घेतलें, तर तें छापून येईपर्यंत कोशास अग्राह्य. २०११ सालीं मल्याळम, हिंदी व आफ्रिकेंतील सेपेडी या भाषांसाठीं मौखिक साक्षीस संदर्भ मानण्याचा एक प्रयोग विकिमीडिया संस्थेच्या साहाय्यानें झाला. छापील साधनें जेथें तुटपुंजीं तेथें दुसरा मार्ग शोधावा, हा त्यामागील विचार यथार्थ होता. ध्वनिमुद्रण व हस्तलिखिताचें छायाचित्र सर्वांस पाहतां येईल अशा जागीं ठेवलें, तर पडताळणीची अट पुष्कळ अंशीं पुरी होते. कोशाच्या प्रचालकांनीं या दिशेनें मोकळ्या मनानें विचार करावा.

परंतु प्रचालकांस दोष देऊन आमची सुटका होत नाहीं. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणावर एकनाथपूर्व ज्ञानेश्वरीची प्रत मिळाली व १९०९ सालीं त्यांनीं ती छापली. मूळ पोथी आज अभ्यासकांस उपलब्ध नाहीं. तिच्याविषयीं जो वाद, जें व्याकरण, जी तुलना आजवर चालली ती सारी छापलेल्या संहितेच्या आधारें. ती छापली नसती तर पाटांगणाच्या प्रतीचें नांवही उरलें नसतें, आणि कोणत्याही ज्ञानकोशास तिचा उल्लेख करतां आला नसता. आज आमच्या जिल्ह्यांतील किती पोथ्या त्याच वाटेवर आहेत, हें ज्याच्या त्याच्या कपाटास विचारावें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, ज्ञानकोशावर रुसण्यापूर्वीं आपल्या संग्रहाची वर्णनात्मक यादी सिद्ध करावी व ती या त्रैमासिकाकडे पाठवावी. एका पोथीस अर्धें पृष्ठ पुरें. आणि संशोधनसंस्थांनीं वर्षांतून एकदां जिल्ह्याच्या ठिकाणीं धूळपाटीवरचे दोन दिवसांचे पाठ ठेवावे, ज्यांत जाणता संपादक शेजारीं बसून नियम समजावील. कोश विनासंपादक राहो, नवागत विनाशिक्षक राहूं नये.