‘तेच’ म्हणजे कोणते? : मुंद्र्याच्या खटल्याचे एक वाचन

न्यायनिर्णय हा वाङ्मयप्रकार नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि एका शब्दाच्या अर्थावर जेथे गावेच्या गावे टांगलेली असतात, तेथे साहित्याच्या अभ्यासकाने डोकावण्यास प्रत्यवाय नसावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २७ फेब्रुवारी २०१९ चा ‘जाम विरुद्ध इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन’ हा निर्णय या जातीचा आहे.

कच्छच्या किनाऱ्यावर मुंद्र्याजवळ, आयात कोळशावर चालणारे ४००० मेगावॅटचे वीजकेंद्र टाटांच्या कंपनीने उभारले. या संस्थेने त्यासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. हवा, जमीन, पाणी नासले, अशी फिर्याद घेऊन तेथील मच्छीमार, शेतकरी आणि नवीनाळची पंचायत वॉशिंग्टनला गेली. संस्था म्हणाली, आमच्यावर दावाच चालत नाही. १९४५ च्या कायद्याने अशा संस्थांना परकीय सरकारांना असते ‘तेच’ संरक्षण दिले आहे. मूळ शब्द ‘सेम’. पण ‘तेच’ म्हणजे १९४५ साली होते ते, जवळजवळ संपूर्ण. की व्यापारी व्यवहार वगळून १९७६ च्या कायद्याने शिल्लक ठेवले ते?

मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी दुसरा अर्थ घेतला. त्यांचा दाखला मार्मिक आहे. १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने सर्वांना गोऱ्यांना असतात तेच मालमत्तेचे हक्क दिले. ते काही त्या सालच्या मापावर गोठले नाहीत. ‘तेच’ हा शब्द तुलनेचा. तुलनेतील एक बाजू हलली की दुसरीही हलते. हे वाचन आम्हांस निर्दोष वाटते. न्या. ब्रेयर यांचे एकट्याचे भिन्नमत कायद्याच्या हेतूवर उभे आहे. ते टाकाऊ नाही, परंतु हेतूच्या भराने तेथे शब्द वाकतो.

उणीव आहे ती हकीकतीत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पायी फिरून मासे धरणाऱ्यांना कच्छकडे ‘पगडिया’ म्हणतात; बडोदेकरांना हा शब्द फोडून सांगायला नको. निर्णयात ते नुसते ‘मच्छीमार’ होऊन दोन ओळींत सरतात. न्यायालयापुढील प्रश्न निराळा होता हे खरे. पण संस्थेच्याच तक्रार-निवारकाचा २०१३ चा लेखापरीक्षण अहवाल, गद्य रुक्ष असूनही, येथे सरस ठरतो. हंगामापुरते किनाऱ्यावर राहणाऱ्या या कुटुंबांची बाधितांत नीट गणनाच झाली नाही, हे तो स्पष्ट नोंदवतो.

पुढे २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने दावा पुन्हा फेटाळला आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केले. कारण ‘तेच’ नव्हते, ‘कोठे’ हे होते : तक्रारीचा गाभा अमेरिकेत नव्हे, मुंद्र्यात घडला.