शीळ पुढे, कवी मागून

मराठी भावगीताचा आरंभ नेमका कुठून धरायचा यावर जाणकारांत वाद होऊ शकतो. पण बहुतेकांचं बोट फिरून फिरून एकाच तबकडीवर येतं: कविता ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’, गायक जी. एन. जोशी, काळ 1932च्या आसपासचा. माझ्यासारख्या, वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरच्या माणसाने त्या तबकडीवर थोडा हक्क सांगितला तर चालवून घ्यावं. नागोराव घनश्याम देशपांडे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. 21 ऑगस्ट 1909 रोजी शेंदुर्जनला जन्मले आणि वकिली केली ती मेहकरला. मेहकरची पैनगंगा पुढे रिसोडच्या अंगाने आमच्या वाशिम जिल्ह्यात येते. म्हणजे पाणी एकच.

त्या काळी तबकडीवर राज्य होतं नाट्यपदांचं आणि रागदारीचं. कविता चालीवर म्हणायची रीत रविकिरण मंडळाच्या कवींनी रुळवली होती, पण ते कवीने केलेलं स्वतःच्या कवितेचं वाचन होतं, गाण्याच्या अलीकडचं. ‘शीळ’ पलीकडे गेली. जोशींनी तिला चाल दिली आणि जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत बसवली. ती घरोघर पोचली.

मूळ कविता शांतपणे वाचली की ती गाण्यासाठी किती तयार होती ते कळतं. प्रसंग एवढासाच. सुगीचे दिवस आहेत, रानातून एक शीळ येते, आणि काम करणाऱ्या एका मुलीचं चित्त उडतं. बोलते ती एकटीच. शीळ घालणाऱ्याच्या तोंडी कवीने एक शब्द दिलेला नाही, त्याला नावही दिलेलं नाही. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे अशी श्रद्धा आहे. ही शीळही तशीच अधांतरी. कोणाची, कशासाठी, हे तिच्या बोलण्यातून जेवढं झिरपेल तेवढंच आपल्याला मिळतं.

आणि ती बोलते कोणाशी? ध्रुवपदात मैत्रिणीशी, ‘बाई’ म्हणत. पुढच्या ओळींत थेट ‘राया’शी. मग पुन्हा त्याच्याविषयी, तो समोर नसल्यासारखी. तीन वेळा तोंड फिरवते, पण सांधा कुठे दिसत नाही, कारण लाजणारं माणूस असंच बोलतं: एकाला सांगायचं ते दुसऱ्याला ऐकवतं. रायाला वेळेचं भान नाही, कशाचा मेळ नाही, ही तिची तक्रार. लगेच त्याच्या थोर कुळशीळाचा उल्लेख येतो. शीळ आणि कुळशीळ यांचं यमक वरवर पाहता नुसती गंमत वाटते. मला ते कवितेतलं सगळ्यात टोचणारं ठिकाण वाटतं. पिकलेले मळे त्याचे आहेत. ती सुगीतली. पहिल्या शब्दात ओढ आहे आणि दुसऱ्यात त्या दोघांतलं अंतर, आणि कवीने दोन्ही एकाच नादात बांधलेत. वकिलाला असले अर्ज रोज दिसत असतील, पण इथे फिर्याद कुठेच नाही.

पुढे ती हातातली सुगी टाकून धावत सुटते. आणि थांबते. दूरच, गप्प. आता तिला काय दिसावं? त्याच्या गालावरचा तीळ. एवढ्या लांबून तीळ दिसत नसतो. तो आधी कधी जवळून पाहिलेला असावा लागतो. आधीच्या भेटींविषयी कवी चकार शब्द काढत नाही, त्या एका तिळाने सगळं सांगून मोकळा होतो. शेवटी क्रियापदं भविष्यकाळात जातात, दोघांनी रानात फुलायच्या गोष्टी सुरू होतात, आणि ते होईल की नाही हे उघडंच राहतं. कवितेतले शरदाचे ढगही त्याच जातीचे, पांढरेशुभ्र, दिसायला भरलेले, पावसाचा थेंब नाही.

आता एक वऱ्हाडी कुरबुर. आमच्या घरच्या बोलीत ‘ळ’ला थारा नाही. डोळ्यांचे डोये होतात, काळ्याचं काया. या कवितेचं अख्खं यमक मात्र त्याच ‘ळ’वर तोललेलं आहे. बोलीत म्हणायला जाल तर शिळेची शीय होईल आणि गाणं जागीच बसेल. म्हणजे देशपांड्यांनी रान वऱ्हाडचं घेतलं, शब्दांना खेड्याचा वळसा दिला, पण नाद निवडला तो प्रमाण भाषेचा, आणि म्हणूनच ही शीळ कोकणातही तितकीच ऐकली गेली. रान मात्र तेव्हाचंच हवं. पुरुषभर ज्वारीत शीळ घालणाऱ्याला लपता येत होतं. आताच्या गुडघाभर सोयाबीनमध्ये तो बिचारा लगेच सापडेल.

तबकडीवर हे सगळं पुरुष गातो, याचं कोणाला नवल वाटलं नाही. बालगंधर्वांच्या काळातल्या श्रोत्यांना ते वाटण्याचं कारणही नव्हतं. जोशीही वकिलीच शिकलेले. पुढे ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले आणि दुसऱ्यांचे आवाज टिपण्यात त्यांचं आयुष्य गेलं. देशपांडे मेहकरातच राहिले. गाणं गाजून वीसेक वर्षं उलटल्यावर, 1954 साली, त्यांचा पहिला संग्रह आला, आणि त्याचं नाव ‘शीळ’. लोकांनी कविता आधी कानाने घेतली, डोळ्यांनी फार उशिरा. याचा तोटाही झाला असं माझं मत आहे. आधी चाल डोक्यात बसली की वाचणारा ओळीपाशी थांबत नाही, आणि तो तीळ अनेकांच्या नजरेतून निसटतो.

त्यानंतर ‘अभिसार’ 1963 साली, ‘खूणगाठी’ 1985 साली. ‘खूणगाठी’ला 1986चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवी सत्तरी ओलांडून बराच पुढे आला होता. 10 मे 2000 रोजी ते गेले. मधल्या काळात राम फाटकांच्या चाली आणि सुधीर फडक्यांचा गळा त्यांच्या वाट्याला आला. ‘डाव मांडून’मधली ती मनधरणी आजही रेडिओवर लागली की हातातलं काम थांबतं, आणि ‘अंतरीच्या गूढ गर्भी’ तर ऐकणाऱ्याला पार आत नेऊन सोडतं. कविता म्हणून मी ‘अंतरीच्या’ला वर ठेवीन, तिथे शब्द कमी धावतात आणि जास्त खोल जातात. गाणं म्हणून विचाराल तर अजून ‘शीळ’च, आणि तीही शक्यतो जोशींच्या त्या जुन्या, खरखरणाऱ्या तबकडीवरची. नंतरच्या गुळगुळीत आवाजांत ती मुलगी फार लवकर रानात पोचते.