हिरावलेलं पुराण, दिलेलं पुराण

माजलगावात कॅथलिक साधनेवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण अंबाजोगाई इथून काही फार लांब नाही. तिथे दासोपंतांनी सुमारे ४० फुटांच्या पासोडीवर ओव्या लिहिल्या, साधारण त्याच काळात गोव्यातल्या साष्टीत एक इंग्रज जेझुइट पाद्री मराठी ओवी रचत होते. फादर थॉमस स्टीफन्स. ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या!

आपल्याकडे या ग्रंथाचं कौतुक होतं ते बहुधा मराठीच्या स्तुतीपुरतं. त्या चार ओव्या भाषणात येतात आणि पुस्तक परत कपाटात जातं. आम्हाला हे पटत नाही. हा ग्रंथ सवयीसाठी रचलेला आहे, देवळातल्या पोथीसारखा पुन्हापुन्हा ऐकायचा.

सवय म्हणजे काय, हे जेझुइटांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी एक पद्धत घालून दिली. आपला एकच दोष निवडायचा. दुपारी आणि रात्री थांबून तो किती वेळा घडला ते आठवायचं, तितके ठिपके रेघेवर मांडायचे आणि कालच्याशी ताडून बघायचं. दिवसाला दोन रेघा, आठवड्याला चौदा. मोंढ्यातल्या आडत्याला हे लगेच कळेल. मात्र खातं चोख ठेवणारा माणूस दयाळू असतोच असं नाही, हेही मोंढ्यातच कळतं. म्हणून कॅथलिक परंपरा या हिशेबाच्या जोडीला दयेची १४ कृत्यं ठेवते. भुकेल्याला जेवण, उपऱ्याला थारा, आजाऱ्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. अजाणाला शिकवणं, अपराध्याला क्षमा, असं सगळं. कळवळा वाटला एवढ्यावर भागत नाही, हातून काही घडावं लागतं. (उपऱ्याला थारा म्हटलं की इथे कुणाला फडावरची कोपी आठवेल. आठवू द्या.)

आता खरी अडचण. पुराणाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, त्याचा आशय असा: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरं एखादं का देत नाही? साष्टीतली देवळं १५६७ मध्येच पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, आणि पुढे गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी बोलावून पोर्तुगीजांनी ठार केलं. अशा मुलखात अजाणाला शिकवणं ही दया असेल, तर त्याची पोथी आधी काढून घेणं काय होतं? इग्नेशियसच्या रेघेवर एकट्याचा राग मांडता येतो, एकट्याचा लोभ मांडता येतो. सरकारने आणि संघाने मिळून केलेल्या जुलमाचा ठिपका कुणी मांडायचा? त्या साधनेची ही मोठी उणीव आहे, असं आमचं मत. स्टीफन्सना उत्तर सापडलं असंही आम्ही म्हणणार नाही. पण त्यांनी तो प्रश्न झाकला नाही, ग्रंथाच्या दारातच उभा केला. हे थोडं नव्हे.

काही जण म्हणतात, ओवी हे निव्वळ आमिष. तसं असतं, तर मासा गळाला लागल्यावर ते जपलं कुणी असतं? १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांना त्यांची भाषाच सोडायचा हुकूम दिला. तरी गोवा सोडून कानड्या मुलखात गेलेल्या कॅथलिक घरांनी हे पुराण गात ठेवलं. तिथल्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांची आवृत्ती निघाली. देवनागरी प्रत यायला मात्र १९५६ साल उजाडलं, ती शांताराम बंडेलूंची. म्हणजे दिलेलं पुराण लोकांनी आपलंसं केलं, ते देणाऱ्याच्या हुकमाविरुद्ध जाऊन.

जानेवारी २०२० मध्ये इथून जवळच, उस्मानाबादेत, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचं ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांनी घेतलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यासाठी कुणाची पोथी बंद करावी लागली नाही.