साखरेचे अतिसेवन आणि पुरुषांची प्रजननक्षमता : उपलब्ध संशोधनाची चिकित्सा

बदलत्या आहारपद्धतीत साखरेचे सेवन वाढले असून त्याचा पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर विपरीत परिणाम होतो, असे विधान अलीकडे सर्रास केले जाते. विधान निराधार नाही. परंतु ज्या संशोधनाच्या आधारे ते केले जाते, त्याची चिकित्सा क्वचितच होते.

मुळात शर्करा ही शुक्राणूची शत्रू नव्हे. शुक्राशयाच्या स्रावात फ्रुक्टोज असते आणि शुक्राणूंना हालचालीसाठी लागणारी ऊर्जा त्यातून मिळते. हे फ्रुक्टोज शरीर रक्तातील ग्लुकोजपासून तयार करते. हानीचा मार्ग निराळा आहे. दीर्घकालीन अतिसेवनाने वजन वाढते, शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होते, टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण घटते. ही साखळी जीवशास्त्रीयदृष्ट्या पटणारी आहे. मात्र पटणारी साखळी म्हणजे पुरावा नव्हे.

अमेरिकेतील रोचेस्टर येथे १८ ते २२ वयोगटातील १८९ तरुणांचा अभ्यास झाला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिक गोड पेये घेणाऱ्यांच्या शुक्राणूंची पुढे सरकण्याची क्षमता कमी आढळली. वीर्याच्या अन्य निकषांशी संबंध दिसला नाही. विशेष म्हणजे हा संबंध सडपातळ तरुणांत ठळक होता, स्थूल तरुणांत तो आढळला नाही. 'साखर–स्थूलता–वंध्यत्व' हे सरळ समीकरण येथेच डळमळते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील २९३५ तरुणांच्या अभ्यासात मात्र घट शुक्राणूंच्या संख्येत दिसून आली. दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने कार्यकारणभाव त्यांतून सिद्ध होत नाही. गोड पेये अधिक पिणाऱ्याची झोप, व्यायाम व उर्वरित आहारही वेगळा असू शकतो.

सर्वाधिक विपर्यास होण्याजोगा आहे तो स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाचा २०१९ चा प्रयोग. पंधरा निरोगी तरुणांना एक आठवडा सकस आहार व दुसऱ्या आठवड्यात त्यासोबत भरपूर साखर देण्यात आली. साखरेमुळे शुक्राणूंतील आरएनएच्या सूक्ष्म तुकड्यांचे प्रमाण अवघ्या आठवड्यात बदलले, हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु याच काळात शुक्राणूंची गतिमानता घटली नाही. ती वाढून वरच्या पातळीवर स्थिरावली. स्वतंत्र तुलनागट नसल्याने ही वाढ सकस आहाराची, की अन्य कशाची, हे ठरविता येत नाही. शिवाय शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे दोन आठवड्यांतील बदल हा प्रामुख्याने अधिवृषणातील परिपक्वतेच्या टप्प्याविषयी सांगतो, संपूर्ण शुक्राणुनिर्मितीविषयी नव्हे. 'साखरेने वंध्यत्व येते' याचा दाखला म्हणून हा प्रयोग पुढे करणे म्हणजे तो न वाचणेच होय.

आणखी एक मर्यादा. वीर्याचे निकष म्हणजे अपत्यप्राप्ती नव्हे. संख्या कमी असूनही पितृत्व लाभलेले पुरुष आहेत आणि निकष उत्तम असूनही अपत्यहीन राहिलेली जोडपी आहेत.

रोचेस्टर आणि डेन्मार्कच्या अभ्यासांत मोजली गेली ती मुख्यतः बाटलीबंद पेयांतील साखर. महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणावर चहातून पोटात जाते. दोन चमचे साखर घातलेले दिवसाचे पाच कप म्हणजेच सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घालून दिलेली मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांची, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅमची आहे. शीतपेयांची प्रश्नावली येथे जशीच्या तशी वापरली, तर हे ४० ग्रॅम मोजणीबाहेरच राहतील.