गमावलेले की उरलेले?

'लॉस्ट वॅक्स' या नावावर माझा आक्षेप आहे. फ्रेंच नावही तेच सांगते : मेण गेले. शोळिंगनल्लूरला राहायला आल्यापासून एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातील ब्राँझमूर्ती मी अनेकदा पाहिल्या, आणि दर वेळी हे नाव अपुरे वाटले. संस्कृतात या ओतकामाला 'मधूच्छिष्टविधान' म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण. एक नाव गमावल्याचे, दुसरे उरल्याचे.

जुन्या मराठीच्या अभ्यासकांना परिचित असलेला 'मानसोल्लास' हा १२व्या शतकातील ग्रंथ, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा. त्यात मेण आधी तोलून त्याच्या पटीत धातू घ्यायला सांगितले आहे. ब्राँझ मेणाच्या सुमारे ९ पट जड. म्हणजे भरीव मूर्तीचे वजन मेणातच ठरते. मेणाच्या मूर्तीवर मातीचे थर चढतात, साचा तापवला की मेण वाहून जाते, त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मग साचा फोडावा लागतो. दुसरी मूर्ती हवी तर पुन्हा मेण, पुन्हा बोटे.

छिन्नी-कानसीचे काम नंतरचे. नटराजाच्या कमरेचा बाक मेणातच वळलेला असतो. आपण मात्र 'चोळ ब्राँझ' म्हणतो : राजाचे नाव आणि धातूचे. घडवणारा हात दोन्हींत नाही. मेण गेले खरे, पण हाताने त्याला दिलेला आकार उरला. मूर्तीचे रसग्रहण तिथून सुरू व्हावे, राजवंशापासून नव्हे.